रोलरने चिखल का होतो? गायतोंडे यांचे चित्र, त्यामागचा विचार आणि आपल्याकडचे ऊन

परभणीच्या एका कलाशिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "वासुदेव गायतोंडे यांची चित्रे छापील पाहिली. रोलर आणि पेंटिंग नाइफ (रंग पसरवायची बोथट पाती) घेऊन तसे करायला गेलो तर कॅनव्हासवर नुसता चिखल होतो. त्यातले एक चित्र बरे झाले, पण दोन-तीन महिन्यांत रंगाला भेगा पडल्या. त्यांच्या चित्रामागे विचार नेमका काय होता? तो मुलांना शिकवायचा कसा? आणि मुंबई-दिल्लीपासून इतक्या लांब राहून असे काम करण्यात अर्थ आहे का?"

चिखलाचे कारण आधी सांगतो, कारण त्यांचा विचारही तिथूनच हाती लागतो. तुम्ही रंग लावत गेलात. गायतोंडे लावलेला रंग बऱ्याच अंशी काढून घेत, आणि जे उरले ते वाळेपर्यंत थांबत. ओल्या थरावर ओला थर चढवून रोलर फिरवला की दोन्ही थर एकमेकांत मळले जातात. तीन रंगद्रव्ये एकत्र मळली की करडा-तपकिरी लगदा होतो, मग ट्यूब कितीही महागाची असो. त्यांच्या चित्रात जो उजेड आतून आल्यासारखा वाटतो तो वाळलेल्या पातळ थरांमधून येतो. त्या थरांच्या मधे दिवस गेलेले असतात. हे वाट पाहणे वगळून फक्त हत्यारे उचलली तर चिखलच होणार.

आता माणूस आणि क्रम. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. घर मूळचे गोव्याचे, वाढ गिरगावातली. १९४८ साली त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. सुरुवातीची चित्रे अजिबात अमूर्त नाहीत. त्यांत माणसे आहेत, बसोली या पहाडी शैलीची लघुचित्रे आणि जैन पोथ्यांतली चित्रे यांच्यासारखे सपाट, पेटते रंग आणि ठाम रेषा आहेत. मग युरोपातले आधुनिक चित्रकार पॉल क्ले यांचा प्रभाव आला. आकृत्या सुट्या झाल्या, रेषा रंगाच्या पट्ट्यावर तरंगू लागली. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी सुरू केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईच्या कलावंतांच्या गटात ते १९५० साली गेले. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. पन्नासचे दशक संपता संपता आकृती गळाली आणि पुन्हा परतली नाही.

१९६४ साली ते रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. तिथे अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांची भेट झाली, आणि तेव्हापासून कोणीही उठावे आणि गायतोंडे यांना 'भारताचे रॉथको' म्हणावे असे चालले आहे. क्रम नीट पाहिला तर हे टिकत नाही. आकृती सोडण्याचा निर्णय न्यूयॉर्कच्या आधी काही वर्षे मुंबईत झालेला होता. हाताची पद्धतही वेगळी आहे. रॉथको पातळ रंग कापडात मुरवतात, कडा धूसर ठेवतात. गायतोंडे यांचा पृष्ठभाग खरवडलेला, उचललेला, जागोजागी साय धरल्यासारखा असतो. दोघांची चित्रे शेजारी ठेवून मुलांना फक्त कडा पाहायला सांगा, दहा मिनिटांत फरक कळतो.

१९७१ साली पद्मश्री, १९७२ च्या सुमारास मुंबई सोडून दिल्ली, निजामुद्दीनमधली साधी खोली. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास बंद होते. त्या काळात कागदावर शाईची छोटी कामे झाली. पुढे पुन्हा कॅनव्हास. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत त्यांनी चित्र काढणे थांबवले, आणि १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने भरवलेले त्यांचे मोठे प्रदर्शन २०१४ चे. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. हा आकडा वर्गात सांगू नका असे माझे स्पष्ट मत आहे. मुले मग चित्राकडे न पाहता आकड्याकडे पाहतात. चित्रकार जिवंत असताना चित्रांना असले भाव नव्हते.

त्यापेक्षा दुसरा आकडा सांगा. वर्षाला फार तर पाच-सहा चित्रे, इतकाच त्यांचा वेग होता. हा आळस नव्हे. एका थरानंतर दुसरा कुठे द्यायचा हे ठरवायला पाहत बसणे हा कामाचाच भाग होता. शिवाय रंग वाळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे तेलरंगाचे रसायन आहे. विचार आणि रसायन इथे हातात हात घालून जातात.

विचाराबद्दल. 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःला पटत नसे. ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत, आपण वस्तुनिरपेक्ष म्हणू. फरक शब्दांचा कीस काढण्यापुरता नाही. झाड घेतले, सोपे करत करत तीन रेषांवर आणले, तर ते अमूर्तीकरण झाले. तिथे झाड मुळाशी आहेच. वस्तुनिरपेक्ष चित्रात सुरुवातीलाच झाड नसते. रंगाचा थर, त्याचे वजन, त्याची जागा, एवढ्यावरच चित्र उभे राहते. म्हणून त्यांच्या चित्रात "हे पाणी, हे क्षितिज, ही देवळाची कमान" असे ओळखायला गेलो की चित्र निसटते. ओळखण्याचा मोह होतो हे खरे, कारण बरेच कॅनव्हास उभे आहेत, साधारण ६० × ४० किंवा ७० × ४० इंचांचे, आणि आत आडवे पट्टे किंवा एका अक्षाभोवती तरंगणारे तुकडे असतात. सत्तरच्या दशकातल्या काही चित्रांतले आकार तर लिपीसारखे दिसतात. आपल्याकडे घरोघरी जुने मोडी कागद असतात. मोडी न येणाऱ्याने तो कागद हातात घ्यावा, तसे होते. अक्षर आहे हे कळते, वळण कळते, हाताचा वेग कळतो, मजकूर कळत नाही. गायतोंडे यांच्या बाबतीत मजकूर नसतोच, वळण तेवढे असते.

झेन, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांशी त्यांची जवळीक होती. मुलाखतीत ते मौनाबद्दल बोलत, ब्रशच्या, कॅनव्हासच्या, पेंटिंग नाइफच्या मौनाबद्दल. याचा अर्थ चित्रात अध्यात्म 'दाखवणे' असा बरेच जण करतात, आणि मग कॅनव्हासवर वर्तुळ, मधे सोनेरी टिंब, खाली एखादी ओवी. ओवीने चित्र वस्तुनिरपेक्ष होत नाही, उलट ओवीचे चित्र होते. त्यांच्याकडे मौन हे कामाच्या रीतीत आहे: आधीच रेखाटन नाही, सांगायची गोष्ट नाही, शीर्षकही बहुतेक नाही. हाताने एक थर दिला, त्यातला बराच उचलला, उरले त्याकडे पाहिले, पुढची कृती ठरली. मौन ऐकू यायला खोलीतले सामान कमी करावे लागते, तसे ते चित्रातले सामान कमी करत.

तुलनेसाठी मुलांना आणखी तिघे दाखवा, म्हणजे 'अमूर्त' ही एकच पद्धत नाही हे कळेल. रझा, ज्यांचा बिंदू हा ठरवलेला, अर्थ चिकटलेला आकार आहे. अकोल्याचे अंबादास, 'ग्रुप १८९०' या चित्रकारांच्या गटाच्या १९६३ च्या प्रदर्शनातले आणि पुढे नॉर्वेला स्थायिक झालेले, ज्यांचे चित्र ब्रशच्या वाहत्या ओढीतून होते. नसरीन मोहमदी, ज्यांनी पेन्सिल आणि शाईच्या सरळ रेषांवर सगळे तोलले. चौघांच्या चित्रांत वस्तू नाही, तरी हात कोणाचाही कोणाशी जुळत नाही.

आता काम. पुढचे प्रमाण सरावाच्या २४ × १८ इंची कॅनव्हाससाठी आहे. पहिल्याच फटक्यात ६० × ४० ला हात घालू नका. त्या मापाला चौकटीत आडवी पट्टी लागते, नाहीतर लाकूड आत ओढले जाते.

कापड सुती, १० ते १२ औंसांचे. मांजरपाट स्वस्त पडतो पण विरळ असतो, तेल मागे झिरपते. चौकट वाळलेल्या लाकडाची घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत दमट, त्यामुळे ओल्या लाकडाची चौकट पहिल्या वर्षातच पिळते. कोपऱ्यांत पाचर मारता येईल अशी खाच हवी, पावसाळ्यात कापड सैल झाले की पाचर हलकेच ठोकून ताण परत आणता येतो. कापड ठोकताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्याकडे जा.

अस्तर म्हणून फेव्हिकॉल आणि खडूची पावडर बऱ्याच ठिकाणी वापरतात. वर्गातल्या सरावाला चालते. ठेवायच्या कामाला नको, ते मिश्रण काही वर्षांत ताठ होते. अ‍ॅक्रिलिक जेसोचे (तयार पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या: पहिला थोडे पाणी घालून पातळ, पुढचे दोन दाट, दर हातानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासणी. तेलरंग लावण्याआधी तीन दिवस थांबा. हे अस्तर पांढरे आणि किंचित खरखरीत राहिले पाहिजे. पांढरे का, ते थोड्या वेळाने.

रंग चारच: रॉ अंबर (तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (निळा), टिटॅनियम व्हाइट. यात निवडीचे कारण आहे. अंबरमध्ये मँगनीज असते, त्यामुळे तो लवकर वाळतो आणि खालच्या थराला उत्तम. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन (गडद लाल) फार सावकाश वाळतात, ते खाली घातले की वरचे सगळे अधांतरी. स्वस्त ट्यूबवर नावापुढे 'ह्यू' लिहिलेले असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरे वापरलेले असते, बऱ्याचदा मिश्र, आणि मग चिखलाकडे एक पाऊल आधीच पडलेले असते.

पहिला थर: अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, दुधाइतका. तेल अजिबात नको. ब्रशने किंवा फडक्याने सगळीकडे फिरवा आणि लगेच कोरड्या सुती फडक्याने निम्म्याहून अधिक पुसून घ्या. आपल्या एप्रिल-मेमध्ये हा थर एक-दोन दिवसांत हाताला वाळतो, पावसाळ्यात आठवडाही लागू शकतो. नख हलकेच दाबून पाहा. खूण उमटली तर थांबा.

दुसरा थर ऑकर आणि थोडा पांढरा. यात टर्पेंटाइन तीन भाग, जवसाचे तेल एक भाग असे मिश्रण अगदी थोडे. इथे रोलर येतो. छापखान्यातला कडक रबरी रोलर, चार इंची, हाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या भिंतीच्या रोलरचे तंतू रंगात सुटतात, फोमच्या रोलरने बुडबुडे येतात. रंग थेट कॅनव्हासवर ओतून रोलर फिरवू नका. काचेवर रंग घ्या, त्यावर रोलर मागेपुढे फिरवून पातळ, सारखा थर बसवा. रंग योग्य जाडीचा झाला की रोलरखालून बारीक चिरचिर आवाज येतो, छपाईकाम करणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. पचपच आवाज आला तर रंग जास्त आहे. मग कॅनव्हासवर एका दिशेने एकदाच. दाब देऊ नका, रोलरचे वजन पुरते.

आता उचलणे, म्हणजे या सगळ्याचा गाभा. वर्तमानपत्राचे आणि मासिकांचे कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून, वरून रोलर फिरवून, ते काढून घेण्याची रीत गायतोंडे वापरत. सरावासाठी छापलेले वर्तमानपत्र घेऊ नका, त्याची शाई रंगात उतरते. छापखान्यात न्यूजप्रिंटचे कोरे तुकडे मिळतात. हाताने फाडलेला तुकडा आणि कात्रीने कापलेला तुकडा वेगळी कड देतात, दोन्ही करून पाहा. गुळगुळीत कागद रंग कमी ओढतो आणि चिकटून सुटताना पृष्ठभागावर बारीक जाळी उठवतो. न्यूजप्रिंट तेल पिऊन घेतो आणि मागे जवळपास कोरडा, धुळकट ठसा ठेवतो.

वेळ साधणे महत्त्वाचे. रंग लावल्या लावल्या कागद ठेवला तर सगळेच उचलले जाते. रंगाची ओली चमक जाऊन तो किंचित मंद दिसू लागला, म्हणजे टर्पेंटाइन उडाले आणि तेल राहिले, की कागद ठेवा. उन्हाळ्याच्या दुपारी ही अवस्था काही मिनिटांत येऊन जाते, म्हणून हे काम सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान करा. पत्र्याच्या खोलीत दुपारी टर्पेंटाइन उघडे ठेवून काम करणे तब्येतीलाही वाईट आहे, डोके धरते. कागद ठेवला की रोलर एकदा फिरवा आणि लगेच, एका कोपऱ्यापासून, सपाट ओढत काढा. कागद रंगात विसरला की तिथेच चिकटतो, आणि न्यूजप्रिंटमधले आम्ल कालांतराने पिवळा डाग देते.

मग थांबा. तिसरा थर फक्त हवा असेल तिथे. त्यात टर्पेंटाइन दोन भाग, जवसाचे तेल एक भाग. अल्ट्रामरीन इतका कमी की खालचा ऑकर दिसत राहील. नाइफने पसरवून नाइफच्याच कडेने खरवडून घ्या. खरवडताना खालचा थर उघडा पडतो, तिथे चित्र सुरू होते. चौथा थर लागेलच असे नाही. बहुतेकांचे चित्र तिसऱ्या थराला झालेले असते आणि पाचव्याला बिघडते.

पांढऱ्या अस्तराचे कारण आता. पातळ थरातून प्रकाश आत जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि थरांतून गाळून परत डोळ्यांत येतो. तोच निळा ऑकरमध्ये मळून लावला तर प्रकाश वरच्यावर परततो, आणि हिरवट-करडा बुळबुळीत रंग दिसतो. पैठणकडच्या माणसाला हे समजवायला सोपे आहे. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. धागे मिसळत नाहीत, म्हणूनच साडी हलली की रंग पालटतो. दोन्ही रंग एकाच हंड्यात घालून सूत रंगवले असते तर तो खेळ संपला असता. मुलांना पैठणीचा पदर नाहीतर धूपछाव कापडाचा एखादा तुकडा उजेडात फिरवून दाखवा, मग थरांबद्दल बोला. प्रत्येक रंगात पांढरा मिसळण्याची सवयही याच कारणाने घातक. पांढरा घातला की थर अपारदर्शक होतो आणि चित्र खडूसारखे दिसते.

तुमच्या भेगांचे कारण चित्र न पाहताही बऱ्यापैकी सांगता येते. खाली जाड किंवा जास्त तेलाचा थर, वर टर्पेंटाइनने पातळ केलेला. वरचा आधी वाळून ताठ होतो, खालचा अजून आत हलत असतो. खालचा हलला की वरचा फाटतो. मे महिन्यातले काळे रान आठवा, वर टणक पापुद्रा आणि आत ओल. म्हणून वर जाताना तेल वाढवत न्यायचे, उलटे कधीच नाही. दुसरे कारण झिंक व्हाइट. तो ठिसूळ असतो, आणि स्वस्त पांढऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा झिंकची भर असते. ट्यूबच्या मागे पीडब्ल्यू ४ असे असेल तर झिंक, पीडब्ल्यू ६ असेल तर टिटॅनियम. तिसरे, लवकर वाळावे म्हणून कॅनव्हास उन्हात ठेवणे. वर साय धरते, आत रंग ओला राहतो आणि साय सुरकुतते. सावलीत, वारा खेळत्या जागी, भिंतीकडे तोंड करून उभा ठेवा. आपल्याकडची धूळ ओल्या रंगावर बसली की ती रंगाचाच भाग होते.

वाळल्यावर काही जागा मंद, मेलेल्या दिसतात. तिथले तेल खालच्या थराने ओढलेले असते. घाबरून नवा रंग चढवू नका. जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे करून बोटाने अगदी पातळ चोळा, पाच मिनिटांनी फडक्याने टिपून घ्या. रंग जागा होतो. तेल भरपूर फासले तर मात्र तो भाग पुढे पिवळा पडेल. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल वापरू नका. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि थर नीट धरत नाही. तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक तर कधीच नाही, ते पापुद्र्यासारखे सुटते. उलट चालते, अ‍ॅक्रिलिकवर तेलरंग. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी, जाड काम असेल तर वर्षाने.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडते, चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती साठते आणि फडकी आपोआप पेट घेतात. ४२ अंशांच्या दिवसात हा धोका आणखी वाढतो. पाण्याने भरलेला झाकणाचा डबा ठेवा, फडकी त्यात टाका. शाळेच्या कलादालनात तर हा नियम भिंतीवर लिहा.

शाळेतल्या मुलांना तेलरंग द्यायची गरजच नाही. पोस्टर कलरने हा पाठ एका तासिकेत होतो, फक्त एक अडचण आहे: वाळलेला पोस्टर कलर पाणी लागले की पुन्हा विरघळतो आणि इथेही चिखल. उपाय सोपा. पहिल्या थराच्या रंगात थोडा फेव्हिकॉल मिसळा, चार चमचे रंगाला एक चमचा. वाळल्यावर तो पाण्याला दाद देत नाही. त्यावर दुसरा थर नुसत्या पोस्टर कलरचा, त्यावर फाडलेला कागद, तळहाताने दाब, आणि उचल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राची सवय असलेली मुले लगेच दोन्ही बाजू सारख्या करायला धावतात. त्यांना सममिती करू देऊ नका. चित्राला नावही देऊ देऊ नका, निदान त्या दिवशी.

लांब राहून करण्यात अर्थ आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे. असे काम करायला लांब राहण्याची अडचण नाही. ते दाखवायला आहे. गायतोंडे यांनी दिल्लीत राहूनही गर्दी टाळली, पण त्यांच्यामागे जे. जे., प्रोग्रेसिव्हचे मित्र आणि चित्रे घेणारी गॅलरी होती. ही बाजू विसरून 'एकांत' एवढेच उचलले तर फसगत होते. चित्रकार म्हणून उभे राहायचे असेल तर महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन (विद्यार्थी विभाग वेगळा, व्यावसायिक वेगळा), बॉम्बे आर्ट सोसायटी आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शने, ललित कला अकादमी, या वाटा खुल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातल्या प्रदर्शनांना जाणे ठेवा. जहांगीर आर्ट गॅलरीचा अर्ज लवकर टाका, तिथली प्रतीक्षा वर्षांची असते. निवड समितीसमोर वेगवेगळ्या शैलींची दहा चित्रे ठेवण्यापेक्षा एकाच प्रश्नावरची पाच ठेवा.

फोटो उघड्या सावलीत काढा, ऊन किंवा ट्यूबलाइटमध्ये नको, पातळ थरांचा रंग ट्यूबलाइटमध्ये हिरवा येतो. सोबत एक फोटो बाजूच्या तिरप्या उजेडात, पृष्ठभाग दिसेल असा. माप, माध्यम, वर्ष हे चौकटीच्या लाकडावर लिहा. कापडाच्या मागे बॉलपेनने लिहिले की पुढे उठते. मोठे चित्र ट्रॅव्हल्सने पाठवायचे तर चौकटीवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, किमान सहा इंच व्यासाच्या पाइपवर गुंडाळा, मधे सिलिकॉनचा बटर पेपर. रंग आत ठेवून गुंडाळला तर तो दबून चुरगळतो आणि उलगडताना फाटतो. पूर्ण वाळलेले नसेल तर पाठवूच नका.

पाहण्याबद्दल शेवटी, कारण छापील चित्रावरून हे शिकता येत नाही. छपाईत थर मरतो. गायतोंडे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात आहेत, चित्रे आळीपाळीने लावतात, म्हणून आधी फोन करून विचारा. देवगिरी एक्सप्रेसने सकाळी उतरायचे, दिवसभर एकाच चित्रासमोर जायचे-यायचे, रात्री परत. एक मीटरवरून, मग पाच मीटरवरून, मग बाजूने.

आणि अजिंठा तर आपल्या दारात आहे. तिथे बोधिसत्त्व ओळखणे बाजूला ठेवून फक्त पृष्ठभाग पाहायला मुलांना न्या. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू आणि खडीच्या चुऱ्याचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा हात, त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि काही लेण्यांत बाहेरून आणलेला लाजवर्दी निळा. हे ओल्या चुन्यावरचे युरोपीय फ्रेस्को नाही, कोरड्या पृष्ठभागावर डिंक-सरसाच्या बांधणीने केलेले काम आहे. पापुद्रे सुटले तिथे सगळे थर एकाच जागी, पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात. व्हार्निशचा धडाही तिथेच आहे. निजामाच्या राजवटीत १९२०-२२ च्या सुमारास इटलीहून आणलेल्या जीर्णोद्धारकांनी चित्रे वाचवायला लावलेले लाखेचे व्हार्निश पुढे पिवळे-तपकिरी झाले आणि रंगच झाकोळले. पापुद्रे पक्के करण्याचे त्यांचे काम उपयोगी ठरले, व्हार्निश मात्र पुढच्यांना काढत बसावे लागले.

१, २, १६ आणि १७ या लेण्यांत आत गेल्यावर लगेच बोलायला सुरुवात करू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि सवय झाल्यावर जे गेरूचे पाच प्रकार दिसतात ते फोटोत नाहीत. फ्लॅशला बंदी आहे, मोबाइल खिशातच ठेवायला सांगा. उन्हाळ्यात पहिल्या बसने जा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सहल दोन्हींची असेल तर बुधवार-गुरुवार धरा.